एक परवाना, किती यंत्रे? : ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्यांचा विचार

संगणक विकत घेणाऱ्या संस्थेला विक्रेत्याकडून दोन भिन्न स्वरूपाच्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे यंत्र, जे पैसे चुकते होताच संस्थेच्या पूर्ण मालकीचे होते. दुसरी म्हणजे त्या यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कळफलक, पडदा, साठवण आणि बाकीचे सर्व प्रोग्रॅम यांच्यात मेळ घालणारे मूळ सॉफ्टवेअर, जिची मालकी संस्थेकडे कधीच येत नाही. संस्थेला मिळते ती केवळ वापराची परवानगी, आणि ती परवानगी किती यंत्रांवर, किती माणसांना आणि कोणत्या अटींवर चालेल हे परवान्याच्या मजकुरात लिहिलेले असते. हा मजकूर बहुतेक ठिकाणी कोणी वाचत नाही. त्याचे कारण निव्वळ बेपर्वाई नसून तो ज्याने वाचायचा त्याच्या समोर कधी येतच नाही हे आहे, कारण 'अटी मान्य आहेत' या चौकटीवर टिचकी मारतो तो संगणक जोडून देणारा तंत्रज्ञ, आणि मुख्याध्यापकाच्या किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हाती यंत्र येते तेव्हा करार होऊन गेलेला असतो.

रायगड जिल्ह्यातील रेवससारख्या बंदरगावात आणि बोडणी, मांडवा, सासवणे या शेजारच्या गावांत या प्रश्नाला जे स्वरूप येते ते मोठ्या शहरातील कंपन्यांच्या प्रश्नाहून वेगळे आहे. कंपनीकडे खरेदी विभाग असतो, कायद्याचा सल्लागार असतो आणि शेकडो यंत्रांचा एकत्र करार असतो; गावात मात्र संगणक एकेक करून, वेगवेगळ्या वाटांनी येतात. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रातील यंत्र शासकीय योजनेतून येते, शाळेच्या प्रयोगशाळेतील काही यंत्रे निधीतून आणि काही मुंबईतील एखाद्या कार्यालयाच्या देणगीतून येतात, मच्छीमार सहकारी संस्थेचा संगणक अलिबागच्या दुकानातून घेतला जातो, तर झेरॉक्सच्या दुकानातला एखादा संगणक लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग जुळवून तयार झालेला असतो. दहा संगणकांच्या खोलीत अशा रीतीने चार प्रकारचे परवाने एकत्र नांदत असतात, आणि त्या सर्वांवर एकाच पेनड्राइव्हवरून विंडोज टाकले गेले, की कोणत्या यंत्राला कोणती परवानगी होती हे शोधून काढणे जवळजवळ अशक्य होते.

परवाना यंत्रांच्या संख्येशी बांधलेला असणे हे आज स्वाभाविक वाटत असले, तरी त्या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनी आपली अवजड यंत्रे बहुधा भाड्याने देत असे आणि प्रोग्रॅम त्यांच्याबरोबर वेगळी किंमत न लावता पुरवत असे. जून १९६९ मध्ये, अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी कारवाईच्या छायेत, तिने बरेचसे प्रोग्रॅम स्वतंत्र किमतीला देण्याचे जाहीर केले, परंतु ऑपरेटिंग सिस्टिम त्याही वेळी यंत्राबरोबरच राहिली. एटी अँड टी या कंपनीने आपली युनिक्स प्रणाली परवान्यावर दिली तेव्हा ती कोणत्या यंत्रावर चालणार हे करारात नेमके नोंदवले जाई. पुढे व्यक्तिगत संगणकांच्या काळात मायक्रोसॉफ्टने हीच मोजणी उलट्या दिशेने वापरली: यंत्रे बनवणाऱ्या अनेक कंपन्यांशी तिने असे करार केले, की कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे, त्यात तिची डॉस प्रणाली घातलेली असो वा नसो, शुल्क द्यावे लागे, आणि ही पद्धत अमेरिकी न्याय खात्याशी जुलै १९९४ मध्ये झालेल्या समझोत्यानंतरच थांबली. यंत्रांच्या मोजणीवर इतका कटाक्ष ठेवणाऱ्या उद्योगाने न वापरलेल्या प्रणालीचेही पैसे एके काळी वसूल केले होते, हे परवान्यांच्या पावित्र्याविषयी प्रवचने ऐकताना विसरू नये.

भारतीय कायद्यात या साऱ्याचा आधार कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय प्रोग्रॅमचा समावेश 'साहित्यकृती' या व्याख्येत झाला आणि १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून अमलात आली, प्रोग्रॅमविषयीची कलमे विस्ताराने मांडली गेली. ज्या व्याख्येखाली कादंबरी येते तिच्याखालीच विंडोजही येते. परंतु या दोन कृतींत एक मूलभूत भेद आहे, आणि परवान्याची सारी गुंतागुंत त्याच भेदातून जन्मते. कादंबरी वाचताना तिची नवी प्रत तयार होत नाही, म्हणून वाचकाला लेखकाची परवानगी लागत नाही. प्रोग्रॅम मात्र यंत्राच्या डिस्कवर उतरवावा लागतो आणि चालू करताच यंत्राच्या स्मृतीतही त्याची नक्कल होते, म्हणजे त्याचा निव्वळ वापर हीच प्रत काढण्याची क्रिया ठरते आणि प्रत काढण्याचा हक्क कायद्याने मालकाकडे राखलेला आहे. वापरणाऱ्याची यातून सुटका व्हावी म्हणून कलम ५२(१)(एए) मध्ये असे म्हटले आहे, की प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्या ताब्यात आहे त्याने, ती ज्या कामासाठी पुरवली गेली त्या कामासाठी, किंवा नाश, हानी अथवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्यासाठी केलेली नक्कल हा हक्कभंग नव्हे. या खंडाचा आवाका जेवढा आहे तेवढाच वाचला पाहिजे: राखीव प्रत कपाटात ठेवण्याची मुभा त्यातून मिळते, ती राखीव प्रत शेजारच्या नऊ यंत्रांवर उतरवण्याची मुभा मिळत नाही.

त्याच कलमाचा (एडी) हा खंड अधिक उदार आहे. व्यक्तीने स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून अव्यापारी, व्यक्तिगत वापरासाठी काढलेली नक्कल त्याने हक्कभंगातून वगळली आहे, आणि त्याच्या आधारे घरातील दुसऱ्या संगणकावर तीच प्रणाली उतरवणे निर्दोष ठरते, असा युक्तिवाद करता येतो. परवान्याचा करार याच्या नेमके उलट सांगतो, आणि उत्पादकाने बसवलेले सक्रियकरण, म्हणजे प्रणाली कंपनीच्या सर्व्हरशी बोलून स्वतःची वैधता पडताळते ती प्रक्रिया, कायद्यातल्या खंडाची वाट न पाहता दुसरी प्रत नाकारते. घरापुरता हा वाद रंजक आहे. शाळा, ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्था यांना मात्र त्याचा काडीचा आधार नाही, कारण संस्थेचा वापर व्यक्तिगत नसतो.

प्रोग्रॅमची विक्री होते की केवळ परवानगी दिली जाते, या प्रश्नाने सर्वोच्च न्यायालयालाही गुंतवले, आणि पुढील दोन्ही प्रकरणांत निमित्त करआकारणीचे होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयाने ठरवले, की तयार स्वरूपात, माध्यमावर विकले जाणारे सॉफ्टवेअर हा 'माल' आहे आणि त्यावर विक्रीकर लागू शकतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी बारकाईने फरक केला: अखेरच्या वापरकर्त्याला कॉपीराइट मिळत नाही, कॉपीराइट असलेल्या कृतीची एक प्रत वापरण्याची मुभा मिळते, आणि म्हणून अशा परवान्यापोटी परदेशी कंपनीला दिलेली रक्कम स्वामित्वशुल्क ठरत नाही. कराच्या भाषेत काढलेला हा निष्कर्ष शाळेच्या प्रयोगशाळेलाही तंतोतंत लागू पडतो.

आता परवान्यांच्या प्रकारांकडे वळता येईल. गावातील बहुतेक संगणकांवर असतो तो ओईएम परवाना, म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने प्रणाली आधीच घालून यंत्राबरोबर दिलेला परवाना. तो यंत्राला जन्मभर चिकटलेला असतो. यंत्र विकले तर परवाना त्याच्याबरोबर जातो आणि यंत्र मोडीत गेले तर परवानाही संपतो. रेवसच्या कोळी बांधवांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही, कारण महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मासेमारीचा परवाना नौकेगणिक मिळतो आणि एका होडीचा कागद दाखवून दुसरी होडी समुद्रात नेता येत नाही. यंत्राचा मुख्य भाग, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, तो हमीच्या मुदतीत बिघाडामुळे बदलला गेला तर परवाना टिकतो. परंतु अधिक वेगवान यंत्र हवे म्हणून मालकाने स्वतः तो बदलला, तर मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने ते नवे यंत्र असते आणि त्याला नवा परवाना लागतो. विंडोज ७ पर्यंत या परवान्याची खूण म्हणजे यंत्राच्या अंगावर चिकटवलेली पट्टी असे, जिच्यावरील अक्षरे पुसली गेली की पुरावाही पुसला जाई. २०१२ च्या विंडोज ८ पासून मोठ्या उत्पादकांच्या यंत्रांत ही खूण, म्हणजे प्रणाली सक्रिय करणारी पंचवीस अक्षरांची की, मदरबोर्डवरील चिपमध्येच नोंदलेली असते.

दुसरा प्रकार रिटेल, म्हणजे दुकानातून किंवा संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे घेतलेला परवाना. तो एका यंत्रावरून काढून त्याच मालकाच्या दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, मात्र पहिल्या यंत्रावरून प्रणाली पुसल्यानंतरच. एका वेळी एकच यंत्र आणि त्या यंत्रावर एका वेळी एकच माणूस, ही मर्यादा विंडोज १० आणि ११ च्या करारांत स्पष्ट शब्दांत आहे. तो महाग पडतो, म्हणून संस्था त्याच्या वाटेला क्वचितच जातात.

तिसरा प्रकार व्हॉल्यूम लायसन, म्हणजे संस्थेच्या नावे अनेक यंत्रांसाठी घेतलेला सामूहिक परवाना, आणि सर्वाधिक गैरसमज त्याच्याच भोवती साचलेले आहेत. त्यांतला पहिला गैरसमज असा, की स्वस्त म्हणून 'फ्री डॉस'वाली, म्हणजे विंडोज नसलेली, यंत्रे घ्यावीत आणि नंतर सामूहिक परवाना घेऊन सगळ्यांवर विंडोज टाकावे. विंडोजचा सामूहिक परवाना हा वरच्या आवृत्तीत जाण्याचा परवाना आहे. ज्या यंत्राकडे आधीपासून पात्र ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना आहे त्याच यंत्राला तो लागू होतो, आणि शैक्षणिक संस्थांसाठी पात्रतेची यादी अधिक सैल असली तरी रिकाम्या यंत्राला त्यातून प्रवेश मिळत नाही. दुसरा गैरसमज सक्रियकरणाविषयीचा आहे. सामूहिक परवान्यात एक मार्ग असा, की संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरने आतल्या यंत्रांना मान्यता द्यावी आणि ती मान्यता १८० दिवस टिकावी. परंतु हा सर्व्हर किमान २५ यंत्रांनी मागणी केल्याशिवाय कामच सुरू करत नाही, त्यामुळे बारा संगणकांच्या शाळेला तो निरुपयोगी ठरतो आणि तिला ठराविक वेळा चालणारी, अनेक यंत्रांसाठीची एकच की घ्यावी लागते. ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'आयुष्यभराच्या' की अनेकदा अशाच कुठल्या तरी संस्थेच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात. त्या चालतात, प्रणाली 'जेन्युइन' असल्याचा निर्वाळाही देते, आणि तरीही विकत घेणाऱ्याकडे परवाना नसतोच, कारण की म्हणजे कुलूप उघडण्याचे साधन, परवाना म्हणजे आत जाण्याचा हक्क, आणि पेनड्राइव्हवरील फाइल म्हणजे या दोहोंपासून वेगळी असलेली नुसती वस्तू.

हा तिहेरी भेद प्रयोगशाळेतील रोजच्या एका कामात कसोटीला लागतो. बाजारात ज्याला 'घोस्ट मारणे' म्हणतात त्या पद्धतीत तंत्रज्ञ एक यंत्र सर्व प्रोग्रॅमसह नीट तयार करतो, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढतो आणि ती इतर यंत्रांवर उतरवतो. वीस यंत्रांचे दोन दिवसांचे काम त्यामुळे एका दुपारी उरकते. प्रत्येक यंत्राकडे स्वतःचा वैध ओईएम परवाना असतानाही ही पद्धत करारात बसत नाही, कारण ओईएम प्रत ज्या यंत्राबरोबर आली त्याच्यापुरतीच आहे. मात्र संस्थेने एकच सामूहिक परवाना घेतला, तर त्याच्या माध्यमातून तयार केलेली प्रतिमा, त्याच आवृत्तीचा ओईएम परवाना असलेल्या आपल्या सर्व यंत्रांवर उतरवण्याची मुभा तिला मिळते. एका परवान्याच्या खर्चात वीस यंत्रांचे काम नियमात बसवणारी ही तरतूद मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नियमांत आहे, आणि तिचा उल्लेख विक्रेते क्वचितच करतात, कारण त्यात विक्री फारशी होत नाही.

याच्या उलट परिस्थितीही शाळांत आढळते. एका यंत्राला छोट्या पेट्या जोडून पाच-सहा पडदे आणि कळफलक चालवण्याची सोय अनेक शाळांनी काटकसर म्हणून स्वीकारली. यंत्र एकच असल्याने परवानाही एकच पुरेल, हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो, परंतु साध्या विंडोजचा करार एका वेळी एकाच वापरणाऱ्याला मान्यता देतो. अशा मांडणीला सर्व्हर आवृत्ती आणि प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा जोडणीमागे स्वतंत्र प्रवेशपरवाना लागतो. परवाना कधी यंत्र मोजतो, कधी माणूस मोजतो, आणि खरेदीपूर्वी तो काय मोजतो हे न विचारणाऱ्याची काटकसर कागदावरच राहते.

देणगीच्या संगणकांबाबत एवढेच पुरे, की यंत्राचा मूळ ओईएम परवाना देणगीबरोबर येतो, पण दात्या कंपनीने आपल्या सामूहिक परवान्याखाली चढवलेली वरची आवृत्ती आपोआप येत नाही, म्हणून देणगीपत्रात कोणता परवाना दिला जात आहे हे लिहून घ्यावे. ॲपलच्या मॅकओएसचा परवाना ती प्रणाली ॲपलच्या यंत्राखेरीज इतरत्र बसवूच देत नाही. रेवसच्या शाळांपुढे तो प्रश्न तूर्त नाही.

विंडोज १० चा प्रश्न मात्र दारात उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व नव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या प्रयोगशाळांतील यंत्रांत नाहीत. येथे परवाना आणि पाठिंबा यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो: विंडोज १० चा परवाना संपलेला नाही, ती वापरणे बेकायदेशीर झालेले नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत येणे थांबले आहे. वाढीव दुरुस्त्या हव्या असतील तर त्यांचे शुल्कही यंत्रागणिकच आहे, आणि मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले पहिल्या वर्षाचे दर उद्योगांसाठी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, तर शैक्षणिक संस्थांसाठी १ डॉलर असे आहेत. इतकी मोठी सवलत उपलब्ध असताना शाळेने दुरुस्तीविना यंत्रे चालवत राहणे समर्थनीय नाही.

ही सारी मोजणी ज्यांत अस्तित्वातच नाही, असा परवान्यांचा एक वर्ग आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली आहे, त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची असून प्रोग्रॅम चालवण्यावर आपण कोणतेही बंधन घालत नाही असे ती स्पष्टपणे सांगते. बंधन येते ते प्रत दुसऱ्याला देताना, आणि तेही एवढेच, की घेणाऱ्याला मूळ संकेत मिळण्याची सोय ठेवावी आणि तेच हक्क त्यालाही द्यावेत. एकच पेनड्राइव्ह रेवसच्या शाळेतून बोडणीच्या शाळेत, तेथून खाडीपलीकडे करंजाला नेला आणि प्रत्येक यंत्रावर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवली, तरी परवान्याचे उल्लंघन होत नाही. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे, केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि केरळने आपल्या शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर प्रत्यक्ष उभे करून दाखवले. मुक्त प्रणालीतही मोजणी सर्वस्वी टळते असे नाही, कारण रेड हॅटसारखी कंपनी पाठिंब्याची वर्गणी यंत्रांच्या संख्येवरच घेते. परंतु तेथे पैसे सेवेचे असतात, प्रणाली चालवण्याच्या परवानगीचे नसतात.

मग महाराष्ट्रातील शाळांनी हा मार्ग का धरला नाही, याचे उत्तर पैशात नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला, शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले, आणि त्यातून संगणक म्हणजे विंडोज व त्यावरील ऑफिस हे समीकरण दोन पिढ्यांच्या मनात पक्के झाले. त्या अभ्यासक्रमाने ग्रामीण महाराष्ट्राला संगणकासमोर बसवले, हे त्याचे मोठे काम आहे. पण एका कंपनीच्या परवान्याची सक्ती शिक्षणाच्या मार्गाने रुजवण्याचे कामही त्याच्याकडून घडले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून विनामूल्य उपलब्ध असताना, केवळ शिकवणारा मिळत नाही ही सबब आता टिकणारी नाही.

शिक्षेविषयी थोडक्यात सांगायचे तर, हक्कभंग करणारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कलम ६३बी खाली किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापाराच्या ओघात नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. शाळेला ही सवलत दिलासा देणारी असली, तरी झेरॉक्सच्या दुकानाला ती लागू पडणे कठीण आहे. सक्रियकरणाला बगल देणारा 'क्रॅक' वापरणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ए चाही विषय होऊ शकतो, आणि व्यवहारात त्याचा त्याहून मोठा धोका असा, की अशा फाइलींबरोबर येणारे घातक प्रोग्रॅम ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती हाताळली जातात त्याच यंत्रात शिरतात.

शाळांच्या प्रयोगशाळांसाठी मुक्त प्रणाली, आणि जेथे शासकीय संकेतस्थळे, डिजिटल स्वाक्षरी किंवा लेखा प्रणाली यांमुळे विंडोज अटळ आहे तेथे यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना, ही विभागणी रेवससारख्या गावांना सर्वांत सोयीची आहे. तिच्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असते, ग्रामपंचायतीत नमुना १६ ची जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवही असते, आणि त्यांत संगणकाची नोंद 'संगणक संच, नग १' एवढ्यावरच संपते. मुख्याध्यापकांनी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सहकारी संस्थांच्या सचिवांनी येत्या आर्थिक वर्षापासून त्या नोंदीपुढे परवान्याचा प्रकार, आवृत्ती आणि बिलाचा क्रमांक लिहावा, आणि ज्या बिलावर परवान्याचा प्रकार छापलेला नाही ते बिल मंजूर करू नये.